कन्व्हर्टर घट्ट बसतो, तरी पेन गळतं: एका पेनाचं प्रकरण

तक्रार एका वाक्याची होती. कार्ट्रिज (शाईची तयार भरलेली नळी) घातलं की फाउंटन पेन उत्तम चालतं, कन्व्हर्टर (बाटलीतून शाई ओढून पुन्हा पुन्हा भरायची टाकी) घातला की गळतं.

पेन माझ्या मैत्रिणीचं. धातूचं बॅरल, म्हणजे मागचा पोकळ भाग, त्याला आतून पितळी अस्तर, निब मध्यम. ती भाषांतरं करते आणि पहिला खर्डा हातानंच लिहिते. छोट्या कार्ट्रिजमध्ये जेमतेम पाऊण मिलिलिटर शाई मावते, ती तिला पुरत नाही. शिवाय तिला आवडणाऱ्या शाया बाटलीतच मिळतात. म्हणून तिनं कन्व्हर्टर घेतला. तो गळाला, तेव्हा त्याच नमुन्याचा दुसरा आणला. तोही गळाला. "अगं, दोन्ही पीस खराब निघाले," असं म्हणत तिनं सगळं सामान माझ्यापुढे ठेवलं.

एकाच नमुन्याचे दोन नग एकाच पद्धतीनं 'खराब' निघतात, तेव्हा मी नगांवरचा संशय बाजूला ठेवते. कन्व्हर्टर म्हणजे शेवटी एक नळकांडं, त्यात दट्ट्या, मागे फिरवायची घुंडी आणि पुढे उघडं तोंड. ते तोंड सेक्शनच्या, म्हणजे आपण बोटांत धरतो त्या भागाच्या, आतल्या छोट्या नळीवर बसतं. बिघडण्यासारखं त्यात फारसं काही नसतं. बिघडतो तो बहुतेक वेळा सांधा.

पेन हातात घेण्याआधी मी तिला नेमकं काय काय होतं ते विचारलं. गळतं हे खरं, पण कधी, कुठून आणि काय करत असताना? तिनं सांगितलं ते असं. बाटलीतून शाई ओढताना बुडबुडे येतात आणि कन्व्हर्टर अर्धाच भरतो. लिहायला लागल्यावर एखादं पान बरं जातं, मग रेघ जाड आणि ओली होत जाते आणि थेंब पडतो. शाई किती उरली ते बघायला बॅरल उघडलं की हमखास निबेतून थेंब येतो. आणि एकदा तर बॅरलबरोबर कन्व्हर्टरच बाहेर आला, शाई तिच्या हातभर झाली. शेवटच्या दोन गोष्टी तिनं जाता जाता सांगितल्या. माझ्या दृष्टीनं प्रकरण तिथेच होतं.

आधी मापाचा संशय

कन्व्हर्टर बसत नाही म्हटलं की पहिला संशय चुकीच्या मापाचा, आणि बहुतेक वेळा तो खरा ठरतो. पेलिकान, वॉटरमन, काव्हेको, फाबर-कास्टेल अशी बरीच युरोपीय नावं 'स्टँडर्ड इंटरनॅशनल' हे सामायिक माप वापरतात. त्यातलं छोटं कार्ट्रिज सुमारे ३८ मिमी लांब, मोठं सुमारे ७३ मिमी. लॅमी, पार्कर, क्रॉस, पायलट, प्लॅटिनम, सेलर यांची मापं आपापली. चिनी पेनांमध्ये २.६ मिमी आणि ३.४ मिमी अशी दोन तोंडं चालतात, आणि पेन बाहेरून बघून त्यातलं कोणतं ते सांगता येत नाही. ३.४चं तोंड बारीक नळीवर सरकन बसतं आणि सरकन निघतं. उलट २.६चं तोंड जाड नळीवर जोर करून बसवलं तर कधीतरी उभी चीर जाते, आणि ती चीर भिंगाशिवाय दिसत नाही.

कंपनीचं नाव वाचून माप ठरवणंही धोक्याचं. पायलटचं मेट्रोपॉलिटन हे पेन पायलटचाच कॉन-४० हा कन्व्हर्टर घेतं. तेच रूप युरोपात एमआर या नावानं विकलं जातं आणि ते स्टँडर्ड इंटरनॅशनल घेतं. मेट्रोपॉलिटनमध्ये पायलटचाच मोठा कॉन-७० जात नाही, कारण तोंड जुळलं तरी तो बॅरलमध्ये मावत नाही. काव्हेको स्पोर्टचंही असंच. माप स्टँडर्ड, पण पेन इतकं आखूड की नेहमीच्या लांबीचा कन्व्हर्टर त्यात राहत नाही, त्याला खास आखूड घ्यावा लागतो. तोंड जुळणं आणि पेनात बसणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे ही उदाहरणं आधीच सांगतात. पुढे मला याचाच उपयोग झाला.

या पेनाच्या बाबतीत मापाचा प्रश्न लवकर मिटला. स्टँडर्ड छोटं कार्ट्रिज नळीवर 'टक्' करून बसत होतं आणि वर्षानुवर्षं न गळता चाललं होतं, म्हणजे नळी स्टँडर्ड. कन्व्हर्टरच्या तोंडाचं भोक मी ड्रिल बिटच्या गुळगुळीत दांड्यानं तपासलं. रिकाम्या कार्ट्रिजच्या तोंडात जो दांडा अलगद अडकत होता, तोच कन्व्हर्टरच्या तोंडातही तसाच अडकला. भोकाचा व्यास व्हर्नियरनं (मिलिमीटरचे अंश मोजायच्या सरकत्या मोजपट्टीनं) आतून मोजणं इतक्या लहान मापाला भरवशाचं नसतं. चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या दोन वस्तूंची एकाच दांड्यानं तुलना करणं जास्त बरं.

उरलेले संशयितही भराभर निकालात निघाले. कन्व्हर्टर पेनाबाहेर काढून नुसतं त्याचं तोंड पाण्यात बुडवलं आणि घुंडी फिरवली. तो काठोकाठ भरला, एकही बुडबुडा नाही. मग थोडं पाणी सोडून, तोंडावर बोट दाबून घुंडी पुन्हा मागे घ्यायचा प्रयत्न केला, तर बोट आत ओढलं जात होतं; दट्ट्याच्या मागे पाण्याचा टिपूसही नव्हता. दट्ट्या ठणठणीत. मग नळीच्या बुडाशी चीर आहे का ते बघायला रिकाम्या कार्ट्रिजमध्ये सिरिंजनं पाणी भरून ते पेनाला लावलं, सांध्याभोवती टिश्यू पेपर गुंडाळला आणि बॅरल न लावता पेन निब खाली करून रात्रभर उभं ठेवलं. सकाळी टिश्यू कोरडा. म्हणजे नळी चांगली, निब आणि फीड (निबेखालचा, तिला शाई पोचवणारा खाचांचा भाग) चांगले, कन्व्हर्टरही चांगला. तिघं वेगवेगळे निर्दोष आणि एकत्र आले की गळती.

घट्टपणा कुठला?

आता कन्व्हर्टर पेनात घालून बघितला. अगदी घट्ट बसला. ओढून काढायला जोर लागत होता. मैत्रीण म्हणाली तेही हेच: "सैल असता तर मला कळलं नसतं का?"

पण हाताला लागणारा घट्टपणा नेमका कुठून येतो हे हाताला कळत नाही. या कन्व्हर्टरच्या तोंडाभोवती धातूची चकचकीत कडी होती. दिसायला छान, आणि प्लास्टिकचं तोंड चिरू नये म्हणून उपयोगाचीही. ती कडी सेक्शनच्या आतल्या भिंतीला घासत असेल, तर कन्व्हर्टर बाहेरून घट्ट अडकेल आणि आतलं तोंड नळीवर पुरतं पोचणारही नाही. कार्ट्रिजला अशी कडी नसते, त्यामुळे ते त्याच भोकातून बिनबोभाट आत जाईल.

हे नुसतं अंदाजानं म्हणण्यात अर्थ नव्हता, म्हणून दोन गोष्टी केल्या. व्हर्नियरच्या शेपटीनं सेक्शनच्या मागच्या कडेपासून नळीच्या बुडापर्यंतची खोली मोजली. मग कन्व्हर्टर जोर लावून बसवला, सेक्शनच्या कडेशी त्यावर पेन्सिलीची खूण केली, बाहेर काढला आणि तोंडापासून खुणेपर्यंतचं अंतर मोजलं. ते खोलीपेक्षा जवळजवळ २ मिमीनं कमी होतं. नंतर कडीवर आणि नळीवर काळ्या मार्करचा हात फिरवून वाळू दिला आणि कन्व्हर्टर पुन्हा दाबून बसवला. काढल्यावर कडीच्या पुढच्या काठावरचा रंग पूर्ण गोलाकार खरवडून निघाला होता. नळीवर मात्र फक्त टोकाचा रंग गेला होता आणि तोही एकाच बाजूला. बुडाकडचा काळा रंग जसाच्या तसा.

एकाच बाजूला का, हे भिंगातून बघितल्यावर कळलं. नळीचं टोक सरळ कापलेलं नव्हतं. कार्ट्रिजचं बंद तोंड उघडता यावं म्हणून ते तिरकं होतं. खरा घट्ट सांधा होतो तो तिरक्या टोकाच्या खाली, जिथे नळी पूर्ण गोल आहे. कन्व्हर्टर २ मिमी अलीकडेच थांबला तर त्याचं तोंड फक्त तिरक्या भागावर येतं आणि एका बाजूला फट राहते. फट केसभर, पण शाईला आणि हवेला तेवढी पुष्कळ.

अडवत होती ती सेक्शनच्या मागच्या तोंडाशी बसवलेली पितळी फेर, म्हणजे गोल कडं. बॅरलचे आटे तिच्यावरच कापलेले होते. फेरचा आतला व्यास आणि कडीचा बाहेरचा व्यास यांत फरक होता मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका. स्टँडर्ड मापात तोंडाबद्दल एकवाक्यता आहे. तोंडाच्या मागे कन्व्हर्टर किती जाड असावा, कडी असावी की नसावी, घुंडी किती लांब, हे जो तो आपापलं ठरवतो. पाकिटावरचं 'स्टँडर्ड' हे लेबल खोटं नसतं, पण ते फक्त तोंडापुरतं खरं असतं.

बुडबुडे, ओली रेघ आणि बॅरल उघडताना पडणारा थेंब

फट सापडली की पहिल्या दोन तक्रारी आपोआप उलगडतात. शाई ओढताना दट्ट्या मागे जातो आणि कन्व्हर्टरमध्ये कमी दाब तयार होतो. तो भरून काढायला निब आणि फीडमधून शाई वर यायला हवी. पण फटीतून हवा येणं सोपं असतं, म्हणून हवाच येते. म्हणून बुडबुडे, म्हणून अर्धा कन्व्हर्टर.

लिहिताना उलट. फाउंटन पेन गळत नाही याचं कारण असं की शाईच्या टाकीला वरून हवा मिळत नाही. शाई जेवढी बाहेर जाईल तेवढी हवा फीडच्या बारीक खाचांमधूनच मागे शिरते, आणि ही देवाणघेवाण शाईला लगाम घालते. टाकीच्या सांध्याला फट पडली की हवा मागच्या दारानं येते, लगाम सुटतो आणि फीडला झेपेल त्यापेक्षा जास्त शाई खाली उतरते. पहिलं पान बरं जाण्याचं कारणही यातच आहे. सुरुवातीला फटीत शाईचाच पडदा धरलेला असतो. पेन हलवत राहिलं, हाताच्या उबेनं आतली हवा फुगली, की तो पडदा सुटतो.

तिसरी तक्रार मला सगळ्यात रंजक वाटली, कारण ती एरवी सांध्याशी जोडलीच गेली नसती. बॅरल उघडतानाच थेंब का? कन्व्हर्टर २ मिमी मागे राहिला म्हणजे त्याची घुंडीही २ मिमी मागे गेली. या बॅरलचं पितळी अस्तर शेवटाकडे निमुळतं होत गेलं होतं. घुंडी त्यात रुतत होती. बॅरल उघडताना आपण ते डावीकडे फिरवतो, आणि रुतलेली घुंडीही त्याच्याबरोबर डावीकडे फिरते. बहुतेक कन्व्हर्टरमध्ये घुंडी डावीकडे फिरवली की दट्ट्या पुढे जातो. म्हणजे शाई बघायला बॅरल उघडणं हीच शाई बाहेर ढकलण्याची क्रिया झाली होती! बंद करताना याच्या उलट. दट्ट्या आधीच टोकाला असल्यानं घुंडी फिरू शकत नाही, मग सगळा कन्व्हर्टरच पीळ खातो आणि मुळात अर्धवट बसलेलं तोंड आणखी ढिलं होतं. कधी रुतण्याची पकड कडीच्या पकडीपेक्षा जास्त झाली की कन्व्हर्टर बॅरलबरोबर बाहेर.

याची खात्री करून घेणं सोपं आहे. घुंडीवर एक आणि शेजारी कन्व्हर्टरच्या अंगावर एक, असे समोरासमोर दोन ठिपके द्यायचे. बॅरल लावायचं, काढायचं आणि ठिपके बघायचे. इथे ते चांगले पाव फेरा दूर गेले होते.

टेप, गरम पाणी, ग्रीस

माझ्याकडे येण्याआधी मैत्रिणीनं नळीवर नळकामाची पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळून बघितली होती. या उपायाबद्दल माझं मत वाईट आहे. सांधा सैल असण्याचं कारण तोंड पोचतच नाही हे असेल, तर टेपची जाडी तोंडाला आणखी अलीकडे थांबवते. आणि तोंड पोचत असेल, तर टेप त्याला कायमचं ताणून ठेवते. भरीला तिचे तंतू सुटून फीडच्या खाचेत जातात. या पेनातही ते सापडले. फीड काढून पातळ प्लास्टिकच्या पट्टीनं खाच साफ करावी लागली.

कन्व्हर्टरचं तोंड गरम पाण्यात मऊ करून दाबायचं, असंही सांगणारे भेटतात. मऊ झालेलं तोंड आकार बदलतं हे खरं, पण कुठला आकार घेईल ते आपल्या हातात नसतं. सिलिकॉन ग्रीसचं काम वेगळं. आटे ओले होऊ नयेत म्हणून बॅरलच्या आट्यांना लावायला ते उत्तम. नळीवर लावलं तर ते आत ढकललं जातं आणि मग फीडमध्ये शाई नीट पसरत नाही. डिंक किंवा गोंद लावायची कल्पना तर मनातही आणू नये. आणि साफसफाईला स्पिरिट किंवा अ‍ॅसिटोन वापरू नये. पेनांचं बरंचसं प्लास्टिक त्यानं तडकतं किंवा विरघळतं.

काय केलं

पर्याय तीन होते. पेनाची पितळी फेर आतून मोठी करायची. लेथवर हे पाच मिनिटांचं काम, पण पेन एकच आहे आणि कन्व्हर्टर पुष्कळ मिळतात. घासायची वेळ आलीच तर सहज बदलता येईल ती वस्तू घासावी, एवढं मी पाळते. दुसरा पर्याय कन्व्हर्टरची कडी घासण्याचा. ती प्लास्टिकची असती तर बारीक पॉलिश पेपरवर पाणी घालून, तोंड बंद ठेवून, गोल फिरवत घासली असती. पण ती मुलामा दिलेली धातूची पातळ पट्टी होती. मुलामा गेला की आतला धातू शाईत गंजणार, आणि कडी खूप पातळ झाली तर तोंड चिरण्याची भीती. तेव्हा तिसरा: ज्याचं तोंड स्टँडर्डच, पण कडी नसलेलं, नुसत्या प्लास्टिकचं, असा सडपातळ कन्व्हर्टर.

तो बसवल्याबरोबर फरक कानाला कळला. कार्ट्रिजचा येतो तसाच 'टक्' आवाज आला. पेन्सिलीच्या खुणेनं खोली पुरती जुळली आणि मार्करचा रंग या वेळी नळीच्या बुडापर्यंत, सगळीकडून सारखा निघाला. मागे जागा उरते का हे बघायला घुंडीच्या टोकावर मऊ मातीची, मुलांच्या खेळण्यातली असते तशी, छोटी गोळी चिकटवली आणि बॅरल पूर्ण लावून काढलं. गोळी दबली होती, पण घुंडी आणि अस्तर यांच्यामध्ये मिलिमीटरभर जाडीची चकती शिल्लक होती. तेवढी मोकळीक पुरे. ठिपक्यांची चाचणी पुन्हा केली. ठिपके जागचे हलले नाहीत.

शाई लगेच भरली नाही. आधी पाणी, सांध्याभोवती टिश्यू, निब खाली, रात्रभर. टिश्यू कोरडा राहिल्यावर शाई. भरताना निबेचं श्वासछिद्र, म्हणजे तिच्यावरचं छोटं भोक, शाईत पूर्ण बुडेल इतकं पेन खाली नेलं, कारण ते वर राहिलं तर चांगला सांधाही हवा ओढतो आणि दोष पुन्हा कन्व्हर्टरवर जातो. बुडबुडे आले नाहीत. शेवटी दोन-तीन थेंब परत बाटलीत सोडले, म्हणजे फीडमध्ये जास्तीची शाई राहत नाही.

दोनेक आठवड्यांनी तिचा निरोप आला की पेन पुन्हा बिघडलं. या वेळी गळत नव्हतं, उलट मधेच कोरडं पडत होतं, आणि बॅरल उघडून बघितलं तर शाई अर्ध्याहून जास्त होती. हे दुखणं निराळं. बारीक नळकांड्यात शाई कधी कधी दट्ट्याजवळ मागेच चिकटून राहते, मधे हवेचा बुडबुडा अडकतो आणि पुढे नळीशी शाई पोचतच नाही. सांध्यात काही बिघाड नसतो. पृष्ठताणाचा खेळ असतो. नव्या कन्व्हर्टरच्या आतल्या भिंतीवर कारखान्यातलं किंचित तेलकटपण राहिलं असेल तर हे जास्त होतं. भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब कोमट पाण्यात टाकून तिनं कन्व्हर्टर त्या पाण्यानं काही वेळा भरून रिकामा केला आणि मग साध्या पाण्यानं साबण पूर्ण जाईपर्यंत धुतला. एवढ्यानं भागलं. भागलं नसतं तर आत स्टेनलेस स्टीलची बारीक गोळी टाकायला सांगितलं असतं. काही कन्व्हर्टरांत ती किंवा छोटी स्प्रिंग मुळातच असते, शाई हलती ठेवायला.

कडीवाले ते दोन कन्व्हर्टर फेकले नाहीत. त्यांतला एक माझ्या दुसऱ्या पेनात आहे. त्याच्या सेक्शनमध्ये पितळी फेर नाही, भोक ऐसपैस आहे. तिथे तो नळीच्या बुडापर्यंत जातो आणि एक थेंबही गळत नाही.